एक आटा जास्त

डोक्याचे आटे ढिले असलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. नागपूरच्या नंदनवनातल्या घट्टभाऊंची तऱ्हा उलटी. त्यांनी बंद केलेला नळ घरातल्या दुसऱ्या कुणाला उघडत नाही, आणि लोणच्याची बरणी उघडून आणायला शेजारी पाठवावी लागते. “गळाले नाही पाह्यजे!” एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

संत्री भरून कळमन्याला जाणारी त्यांची डिझेल पिकअप परवा चढावर धापा टाकू लागली. मिस्त्रीचा पोरगा आला. “भाऊ, फिल्टर चोक झाला.”

आता डिझेल फिल्टर म्हणजे साधा पत्र्याचा डबा. बसवताना रबरी रिंगेला बोटानं डिझेल लावायचं, रिंग टेकली की हातानंच अर्धा-पाऊण फेरा द्यायचा, झालं. पाना लागतो तो काढायला. डब्यावर तशी चित्रंसुद्धा छापलेली असतात. पण मागचा फिल्टर भाऊंनी स्वतः बसवलेला! कोरड्या रिंगेवर, पान्यानं, बंपरला पाय लावून. वर इंजिनाची धग आणि नागपूरचं ऊन. रिंग जी चिकटली ती चिकटलीच.

“भाऊ, कोणं कसला होता हा?”

“कंपनीवाल्यानं,” भाऊ आकाशाकडे पाहत म्हणाले.

पोरगा गाडीखाली, भाऊ बॉनेटवर वाकलेले. “उलटा फिरव बे, उलटा!” आता खालून जे उलटं ते वरून सुलटं. वडीलधाऱ्याचा मान राखून पोरगा भाऊंच्या बोटाच्या दिशेनं फिरवत गेला आणि फिल्टर आणखी थोडा आवळला गेला. “पाय, सरकला!” भाऊंचा चेहरा काय उजळला म्हणता! फिल्टर कुठल्या बाजूला सरकला याची चौकशी त्यांनी केली नाही. आवळलं गेलं याचाच तो आनंद असावा, असा माझा संशय आहे.

मग बेल्ट पाना घसरला. डब्याला पॉलिश पेपर गुंडाळून पाहिला, तोही घसरला. साखळी पान्यानं डबा चेपला. केडीके इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं थांबली. एकानं मोबाईलवर टॉर्कचा हिशेब मांडला, दुसऱ्यानं व्हिडिओ काढला. शेवटी पोरग्यानं डब्यातून पेचकस आरपार ठोकला, तर पत्रा टराटरा फाटला, डिझेल कोपरापर्यंत ओघळलं आणि वरची चकती जागच्या जागी. ती छिन्नीनं कडेकडेनं ठोकत काढली, तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नवा फिल्टर पोरग्यानं हातानं बसवला, हातपंप मारून लाईनीतली हवा काढली. गाडी सुरू झाली.

“येवढाच कसला? गळंल न बे! पाना दे इकडं.”

“पाना माझ्यासंग चहा प्याले येऊन राहिला, भाऊ,” म्हणत पोरगा पाना खांद्यावर टाकून टपरीकडे निघाला.

भाऊ जरा वेळ बॉनेटपाशी घुटमळले. मग घराकडे तोंड करून ओरडले, “अवो, कपडे वाळवाची दोरी कुठं हाय?”