पांढऱ्या थराचे वैरी

बाळापुरात पाहुणा आला की लोक त्याला किल्ला दाखवतात, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री दाखवतात. आमचे निवृत्त गुरुजी संडास दाखवतात.

म्हणजे चहाच्या आधी "हातपाय धुऊन घ्या" म्हणत तिकडं धाडतातच. पाहुणा बाहेर आला की, "काय दिसलं?"

"काही नाही."

"तेच तं! काहीच दिसलं नाही पायजे!"

दोष गुरुजींचा नाही, पूर्णेच्या खोऱ्याचा आहे. हा सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं, शिवाय जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पॉटात पाण्याच्या रेषेवर बसतं. आधी पांढरं, मग पिवळं, मग पाहवत नाही असं.

गुरुजींनी अर्धं आयुष्य ॲसिड ओतलं. बाटली उघडली की अख्खी गल्ली खोकायची. थरावर ॲसिड पडताच जी फसफस होते, ती ते डोळे मिटून ऐकत. या लढाईत नळाचं निकेल गेलं, फरशीच्या सांध्यातलं सिमेंट गेलं, दोन लुंग्या गेल्या. थर मात्र महिन्याभरात हजर. एकदा जास्त जोर यावा म्हणून त्यांनी ॲसिडवरच ब्लीचिंग पावडर टाकली. त्यातून क्लोरीन वायू निघतो, हे विज्ञान शिकवलेल्या माणसाला सांगायची वेळ आली. बाहेर आले ते रडत, आणि त्या दिवसापासून काकूंनी ॲसिडला घरबंदी केली.

उपाय काकूंचाच. रात्री ब्रशनं पॉटातलं पाणी मागं लोटायचं, चिवड्यात घालायचं लिंबूसत कोमट पाण्यात कालवून थरावर ओतायचं (उकळतं नाही, पॉट तडकतो), सकाळी घासायचं. जुना थर असला तर तीन-चार रात्री. गुरुजी आता हाच शोध स्वतःच्या नावावर सांगत फिरतात. खिशात पुडी असतेच. सोयरीक पाहायला नेलं तर पोरगा काय करतो ते विचारत नाहीत, सरळ मागच्या दारी जातात. त्यांच्या मते एक स्थळ निव्वळ पॉटामुळं हुकलं.

परवा आमच्याकडं आले, आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले. काही बोलले नाहीत. टेबलावर पुडी ठेवली. "आज रात्री टाकजा, उद्या घासजा."

पुडी बायकोच्या हाती लागली आणि चिवड्यात गेली. काल गुरुजींनाच बशीभर दिला. "आंबटपणा बरोब्बर जमला," म्हणाले.