मास्तरांच्या दारातली पांढरी पेटी

"वैनी, अहो वैनी! या की जरा भिंतीपाशी. धुणं वाळू द्या, ह्या उन्हात त्याला कोण अडवतंय. मास्तरांच्या दारात ती पांढरी पेटी उभी राहिलीय, बघितलीत का?"

"ती व्हय? मला वाटलं आइस्क्रीमचा गाडा."

"अख्ख्या गल्लीला तसंच वाटलं. परवा पोरं कुल्फी मागायला गेली होती. अहो, घर आहे ते! चाकावरचं. धाकट्यानं पुण्याहून जीपला जोडून ओढत आणलंय. आत पलंग, ओटा, बेसिन, इतकुसा फ्रीज. कॅराव्हॅन म्हणायचं त्याला. सरकारनं 2021 साली त्यासाठी धोरणसुद्धा काढलंय म्हणं, लोकांनी फिरावं म्हणून. मास्तरीणबाई कपाळाला हात लावून बसल्यात. घरात खोल्या मोकळ्या आणि हा दारात गाडीत झोपायलाय."

"आणि टपावर काळ्या काचा कसल्या?"

"सोलरच्या प्लेटा. दोनशे वॉटच्या. खाली लिथियमची बॅटरी. लिथियम म्हणजे साधी नाही बरं का, लोहाची आणि फॉस्फेटची. आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी हलवायला दोन गडी लागतात, ही तो एका हातानं उचलतो. गुडइनफ नावाचा एक अमेरिकेतला म्हातारा, त्याच्या प्रयोगशाळेत ही जात निघाली. त्याला 2019 ला नोबेल मिळालं, 97 व्या वर्षी! आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून पंख्याचं बटण दाबायचा कंटाळा येतो."

"मग गेला का कुठं फिरायला?"

"गेला की! नळदुर्गला. इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणी महाल बघायचा, नर-मादी धबधबा बघायचा आणि किल्ल्याच्या अंगाला मुक्काम ठोकायचा. आता फेब्रुवारीत धबधबा कुठला? तो बोरी नदीला पाणी आल्यावर. पण सांगायचं कुणी? बरं, ऊन नको म्हणून गाडी लावली लिंबाच्या गर्द सावलीत. दिवसभर गारव्यात बसला. संध्याकाळी फ्रीज चालू, लॅपटॉप चालू, आणि वैनी, रात्री एसीसुद्धा!"

"सोलरवर एसी?"

"छोटाच, अर्ध्या टनाचा. पण तोही तासाला अर्धा युनिट ओढतो. बॅटरी भरलेली असली तरी तिच्यात सव्वा युनिट. रात्री दहाला लावलेला एसी बाराच्या आत बंद पडला. मग अंधारात बॅटरीला शिव्या. तिच्यात काही बिघाड नव्हता हो! फार उतरली की आतलं सर्किट स्वतःच तोंड मिटून घेतं, नाहीतर ती कायमची जाते. सकाळी उठून बघतो तर प्लेटा चार्जिंग करीनात. करतील कशा? लिंबाची सावली!"

"मग उन्हात लावायची की गाडी."

"तेच तर! दुसऱ्या दिवशी उन्हात लावली. बॅटरी भरायला लागली, पण आतला पत्रा तापून हा भाजून निघाला. म्हणजे सावलीत बसायचं तर वीज नाही, आणि वीज पाहिजे तर घाम. प्लेटा टपाला बोल्ट मारून बसवल्यात ना, गाडी जिथं तिथंच त्या. पुण्याला पैसे मोजून बसवून घेतल्यात, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि वैनी, एवढं सगळं मी ढोकीच्या रानात फुकट बघून आले होते."

"ढोकीला काय?"

"माझ्या भावाच्या उसात ऊसतोडीची टोळी उतरलीय. हुरड्याला गेलो तेव्हा मी मुद्दाम कोपीवर गेले. कुणी बायको-पोरं घेऊन आलंय, कुणी म्हाताऱ्या आईला. पाचटाच्या कोप्या, पलीकडं ट्रॅक्टरची ट्रॉली. बांधाकडंच्या कोपीबाहेर एवढीशी प्लेट, चाळीस वॉटची असंल, विटेला टेकवून ठेवलेली. वायर कोपीत, आत ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. आणि प्लेटला साखळी, ती शेळीच्या खुंट्याला! म्हटलं हे काय? म्हातारी म्हणाली, शेळी चोरली तर ती ओरडती तरी, ही मुकी आहे."

"बाई बाई!"

"कोपीवर माणूस ती एकटीच. बाकी सगळी कोयता घेऊन पहाटेच फडात. दिवसभरात उठून ती प्लेट फिरवते. सकाळी तोंड उगवतीला, दुपारी दक्षिणेला, कलत्या उन्हात मावळतीला. पोटऱ्यांतून कळ येते म्हणते, पण फिरवतेच. मला म्हणाली, दिवाळीनंतर सूर्य तिकडं खाली उतरतो, प्लेट आडवी ठेवली तर निम्मंसुद्धा घुसत नाही. निम्मं जरा जास्तच झालं, पण आपल्याकडं डिसेंबरातल्या भर दुपारी आडव्या प्लेटवर पाऊण हिस्सा ऊन पडतं, एवढं खरं. पुसते पण पहाटे, दव असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर तडकते."

"आणि एवढ्या विजेवर करतात काय?"

"दोन बल्ब आणि मोबाइल. बस्स. एक बल्ब भाकरी थापायला, कारण सून तीनलाच उठते. दुसरा कोपीच्या तोंडाशी, पाचटात जनावर निघतं म्हणून. मोबाइल मेला तर मुकादमाची बोलणी. फॅक्टरीची गाडी रात्री कधीही येते, फोन आला की अंथरुणातून उठून मोळ्या भरायच्या. पूर्वी चार्जिंगला गावातल्या दुकानात पैसे देऊन मोबाइल ठेवायचे म्हणं, आणि फोन नेमका तेवढ्यात यायचा. टीव्ही नाही, पंखा नाही. मुकादमाची उचल डोक्यावर असताना कुठला पंखा."

"तुम्ही सांगितलं का मग मास्तरांच्या पोराला?"

"सांगते की नाही! म्हटलं, बाबा रे, गाडी सावलीत आणि प्लेट उन्हात. लगेच बोल्ट काढले, प्लेटा खाली घेतल्या आणि घरातली पंख्याची वायर जोडली, चांगली लांबलचक. माझा दीर वायरमन आहे, तो ओरडला. म्हणाला, घरात 230 व्होल्टला दोनशे वॉट म्हणजे एक अँपिअरसुद्धा नाही. इथं 12 व्होल्टला सोळा अँपिअर वाहतात. पातळ वायर तापते आणि निम्मी वीज रस्त्यातच जिरते. जाड तांब्याची आण, जमेल तेवढी आखूड ठेव आणि बॅटरीच्या बुडाशी फ्यूज लाव. मधला तो चार्जरचा डबा पण बॅटरीजवळ, सावलीत. थेट प्लेट बॅटरीला जोडली तर 12 च्या प्लेटला उन्हात एकवीस-बावीस व्होल्टपर्यंत दाब येतो, साधी बॅटरी उकळून जाते."

"आमच्या ह्यांनी शेतातल्या पंपाच्या प्लेटांवर टेबलफॅन लावायचं ठरवलं होतं. मागेल त्याला पंप योजनेतून दहा टक्के भरून घेतलाय ना."

"हात पण लावू देऊ नका त्यांना! तिथं प्लेटा एकीला एक जोडलेल्या असतात, शेकडो व्होल्ट. झटका बसला तर चिकटून राहतो माणूस."

"देवा! आजच सांगते. पण मग आता मास्तरांचा धाकटा येरमाळ्याला जाणार म्हणायलाय?"

"चैत्री पौर्णिमेला, येडेश्वरीच्या जत्रेला. चुन्याचे खडे वेचायला. पण आता सुधारलाय, एसी काढून बारा व्होल्टचा पंखा बसवलाय. तरी दिराचं म्हणणं, एप्रिलचं ऊन कडक म्हणून वीज जास्त मिळंल असं समजू नकोस. काच फार तापली की प्लेट दमते, पंधरा टक्के तरी घट. थंडीतलं स्वच्छ ऊन तिला मानवतं."

"आक्का, त्या गाडीत मिक्सर चालंल का? पुरण वाटायला?"

"इन्व्हर्टर लावून थोडा वेळ चालंल. इंडक्शन मात्र विसरा, दीड-दोन हजार वॉटची असते ती. पाटा-वरवंटा घ्या सोबत आणि सरपणाची मोळी."

"म्हणजे आपण चाललो?"

"चाललो काय म्हणताय! मास्तरीणबाईंनी गल्लीतल्या पाच जणींना शब्द दिलाय. आणि पलंग आहे दोघांचा. मी आजच जाऊन माझी जागा सांगून ठेवते, तुम्ही तुमचं बघा."