एसीला एएमसी, सॉफ्टवेअरला कोण?

जुलै संपत आला की बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर एकच वाक्य ऐकू येतं. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ गेवराई असो, केज असो, पाटोदा असो. पीकविम्याची मुदत संपत आलेली, हातात सातबारा, आणि स्क्रीनवर गरगरणारं चक्र. सगळ्यांच्या शिव्या सर्व्हरला.

त्या सर्व्हरच्या आत कोण राबतं, हे कुणी विचारतं?

राबणारे दोन प्रकारचे. एक पगारी, त्यांच्या कंपनीचं नाव टेंडरमध्ये असतं. दुसरे बिनपगारी, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. आणि दुसऱ्यांशिवाय पहिल्यांचं पान हलत नाही.

जगातले बहुतेक वेबसर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच कर्नलवर. त्या फोनवर ‘शेतकऱ्याला’ हा शब्द नीट उमटतो, कारण हार्फबझ नावाची ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, लायब्ररी त्यातली जोडाक्षरं जुळवते. क्रोममध्ये तीच, फायरफॉक्समध्ये तीच, लिबरऑफिसमध्येही तीच. शेतकऱ्याच्या नावानं मतं मागणाऱ्यांनी तिचं नाव तरी ऐकलंय का?

प्रोग्रॅम लिहून मोकळा केला, की काम संपत नाही. तिथून ते सुरू होतं. पॅकेज सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, तो कोड घेतो, आपल्या सिस्टिमशी जुळवतो, पॅच, म्हणजे दुरुस्त्या, लावतो, इंटेलच्या प्रोसेसरवर चालतो का, एआरएमच्या चालतो का, हे तपासतो. खालची एक लायब्ररी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. सुरक्षेत भगदाड सापडलं की रात्री-बेरात्रीही.

लिनक्सवर आधारलेली सिस्टिम बनवणारा डेबियन प्रकल्प हे काम १९९३ पासून करतोय. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस. अधिकृत डेव्हलपर हजाराच्या आसपास. फ्रीबीएसडीचे पोर्ट्स घ्या, मॅकवरचे मॅकपोर्ट्स घ्या, तऱ्हा तीच. वापरणारं सगळं जग, सांभाळणारे मूठभर.

‘फुकट आहे ना, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न हमखास येतो. वापरणं फुकट आहे. राबणं कधीच फुकट नसतं, त्यात कुणाची तरी झोप जाते.

२०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाची चूक सापडली. इंटरनेटवरचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार ज्या कोडच्या भरवशावर, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. मोठ्या कंपन्यांनी पैसे कधी काढले? ब्रह्मांड आठवल्यावर.

शहाणपण आलं का? नाही.

एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं पॅकेज. सांभाळणारे एकटे लासे कोलिन, फिनलंडचे. मानसिक आजारानं आपली क्षमता मर्यादित झालीय आणि हे काम बिनपगारी आहे, असं त्यांनी २०२२ मध्ये उघड सांगितलं होतं. त्याच सुमारास अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं होतं. झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या! मदतीला ‘जिया टॅन’ नावाचा कुणी आधीच हजर होता. त्यानं दोन वर्षांहून जास्त काळ गुमान काम केलं, विश्वास कमावला, आणि ५.६.० या आवृत्तीत चोरवाट ठेवून दिली.

थकलेल्या माणसाला जगानं मदत पाठवली नाही. चोरानं पाठवली.

ती चोरवाट आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं २९ मार्च २०२४ रोजी उघड केली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच संशयावरून तो मुळाशी गेला. अर्धा सेकंद! आपण तीन-तीन तास रांगेत उभे राहतो आणि ‘असं का’ हे विचारत नाही.

सांभाळण्याचं मोल आपल्या मातीला नवं नाही. गेवराईच्या पलीकडे, गोदाकाठच्या पैठणला, एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. मूळ ग्रंथाला तेव्हा जवळपास तीनशे वर्षं झाली होती, नकलानकलांत पाठ बिघडले होते. नाथांनी दुरुस्ती केली, आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीदही लिहून ठेवली. घुसडणाऱ्यांचा धोका त्यांना ठाऊक होता. चारशे वर्षांनंतर आपण तो विसरलो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. ढोल वाजले, पेढे वाटले. लिनक्सवर मराठी वर्षानुवर्षं दिसली ती लोहितसारख्या फॉन्टमुळे, आणि तो फॉन्ट सांभाळला रेड हॅटच्या पुण्यातल्या माणसांनी. त्यांना कुणी पेढा दिला? शुद्धलेखन तपासणाऱ्या जीएनयू आस्पेलचा मराठी कोश तर ०.१० या आवृत्तीवर थांबलाय. तो पुढे न्यायला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये धोरण आणलं. सरकारी ई-कारभारात ओपन सोर्सला प्राधान्य. उत्तम धोरण, मनापासून स्वागत. वापरायचं ठरलं. सांभाळायचं कुणी?

जर्मनीनं २०२२ मध्ये याच कामासाठी सरकारी निधी उभा केला. आपल्याकडे झिरोधानं २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. शेअर बाजारातल्या कंपनीला कळलं. मंत्रालयाला कधी कळणार?

दुरुस्ती आली, तरी ती लावायला माणूस लागतो. पोर्टल बांधलं, उद्घाटन झालं, फोटो छापून आले, बिल निघालं. मग खालची पॅकेजेस अपडेट करणं कुणाच्या कामात लिहिलेलं असतं?

कुठल्याही सरकारी कार्यालयात जा. एसीला एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असते. झेरॉक्स मशीनला असते, लिफ्टला असते, इन्व्हर्टरलाही असते. ज्या कोडवर अख्खा कारभार चालतो, तो सांभाळणाऱ्यांसाठी रुपया निघताना दिसत नाही. एसी बंद पडला तर साहेबांना घाम येतो. तिकडे रांगेतल्या माणसाला येतो, तो कुणाच्या हिशेबात नाही.

पैसा नाही म्हणता? हात तर आहेत.

बीडमध्ये, अंबाजोगाईत इंजिनिअरिंग आहे, पॉलिटेक्निक आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारात तयार मिळतो, सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगसह. व्हायवा झाला की तो कपाटात. पोरं हुशार आहेत, त्यांना खोटं काम का देता?

वाली नसलेल्या पॅकेजेसची डेबियनची यादी सगळ्यांना खुली आहे. त्यातलं एक घ्या. एक चूक शोधा, दुरुस्ती पाठवा. जाणकार तपासतील, परत पाठवतील, पुन्हा करायला लावतील. स्वीकारली गेली, तर चेंजलॉगमध्ये नाव लागतं आणि ते जगभर जातं. आष्टीच्या मुलीनं पाठवलेला पॅच बर्लिनच्या मशीनवर चालतो. डोनेशन लागत नाही, वशिला लागत नाही, आडनाव कुणी विचारत नाही.

याहून चांगला प्रोजेक्ट कुठला?

पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ २०२० पासून राज्यभर गाजला. दुसरा बीड पॅटर्नही इथूनच निघू शकतो. एक कॉलेज, एक पॅकेज. पाच वर्षं सांभाळायचं, जुन्यांनी नव्यांच्या हाती द्यायचं. विद्यापीठानं त्याला मार्क द्यायचे. यासाठी नवी इमारत लागत नाही, म्हणून कदाचित कुणाला सुचलं नसेल.

आणि आपण नागरिकांनी? पुढच्या सरकारी पोर्टलचं टेंडर निघालं की तीन प्रश्न विचारा. आत कुठली ओपन सोर्स पॅकेजेस आहेत? ती शेवटची कधी अपडेट झाली? ती सांभाळणाऱ्यांना या बजेटमधून काय जातं? तोंडी विचारू नका, लेखी विचारा.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. इतकी वर्षं सगळं फुकट वापरलं, एवढे तरी खर्च करा.