हिंगोलीचा लंबक आणि पॅरिसचे उत्तर

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकाची नोंदवही, जिला विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही ‘जर्नल’ म्हणतात, ही विद्यार्थ्याने प्रयोग केल्याचा पुरावा मानली जाते. व्यवहारात मात्र ती पुष्कळदा मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने प्रयोग केल्याचा पुरावा असते, आणि त्याने तरी तो केला होता का, हे त्याच्याही मागच्या वर्षीचे जर्नल पाहून ठरवावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार शोधप्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ आहे. सुदैवाने हे नियम जर्नलांना कोणी लावत नाही, नाहीतर शाईचा रंग वगळता स्वतंत्र असे काही हाती लागले नसते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणजे वयाने विद्यापीठ जिल्ह्याहून पाच वर्षांनी वडील आहे. श्रेयांक पद्धतीत विद्यार्थ्याची सारी धडपड ‘ओ’ या सर्वोच्च श्रेणीपासून ‘एफ’ या नापास श्रेणीपर्यंतच्या अक्षरांत मावते, आणि ज्याची मावत नाही त्याच्यासाठी एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची मुभा, असते.

या व्यवस्थेची खरी कसोटी लंबकाच्या प्रयोगात लागते. लंबकाची लांबी मोजून आणि स्टॉपवॉचवर वीस आंदोलनांचा वेळ घेऊन गुरुत्वत्वरण, म्हणजे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते मान, काढायचे असते. मीटरभर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांसाठी सुमारे चाळीस सेकंद लागतात; त्यात बोटाने पाव सेकंद उशीर केला, तरी उत्तर एक टक्क्याहून अधिक हलते, म्हणून प्रामाणिक बॅचमध्ये कोणाचे ९.७ तर कोणाचे ९.९ यायला हवे. पण अख्ख्या बॅचचे उत्तर ९.८१ येते, कारण पुस्तकात तेच छापलेले असते, आणि रीडिंग त्या उत्तरावरून उलट्या दिशेने ‘जमवली’ जातात. आलेखावरचे बिंदू तर रेषेवर असे ओळीने बसतात, की पंगतीतल्या पाहुण्यांनाही ते जमू नये.

गंमत अशी की ९.८१ हे हिंगोलीचे उत्तरच नव्हे. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली असून स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हे मान अक्षांशाप्रमाणे बदलते. पॅरिसला ते ९.८१ च्या आसपास भरते, तर विसाव्या अक्षांशाच्या किंचित अलीकडे असलेल्या हिंगोलीला सुमारे ९.७९. याचा अर्थ, ज्या विद्यार्थ्याने प्रयोग नीट केला आणि ज्याचे उत्तर नशिबाने अचूक आले, त्यालाच ‘पुन्हा रीडिंग घे’ असे ऐकावे लागण्याची शक्यता अधिक.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत असून, तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतका फरक ओळखण्याची क्षमता अशा यंत्रात असते. अमेरिकेतील लायगोमध्ये सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या एका संकेताचा शास्त्रज्ञांनी कित्येक महिने कसून अभ्यास केला, त्यावर शोधनिबंधही लिहून ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडल्यावर कळले, की तो संकेत त्यांची परीक्षा घेण्यासाठी त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी गुपचूप घातलेला होता. निबंध बाजूला ठेवला गेला. कोणीही ग्रेस मार्क मागितले नाहीत.

औंढ्यात लहरी सापडायला अजून अवकाश आहे. तोवर बाह्यपरीक्षकांना एवढीच विनंती, की हिंगोलीच्या जर्नलात ९.७९ आढळल्यास त्यावर लाल शाई वाया घालवू नये, आणि ९.८१ आढळल्यास विद्यार्थ्याला पॅरिसला कधी गेला होता, हे व्हायव्हात अवश्य विचारावे.