आढ्याला नक्षी

समोरच्या फ्लॅटमधल्या सत्यनारायणाला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. कथा चालू असताना आमच्या घरच्या सगळ्या माना वर. साधुवाण्याच्या नौकेचं काय झालं ते कुणाच्याच कानावर पडलं नाही. छताच्या कडेने फिरलेली पीओपीची वेलबुट्टी मात्र सगळ्यांना पाठ झाली. तीर्थप्रसाद घेऊन घरी आलो तो ठराव मंजूर करूनच.

पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, हे प्रकरण मोठं मानी. जिप्सम सुमारे 150 अंश सेल्सियसला भाजला की त्यातलं पाऊण हिस्सा पाणी उडून जातं आणि उरते ती ही पांढरी भुकटी. पॅरिसमधल्या माँमार्त्रच्या टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून नावात पॅरिस. या भुकटीला पुन्हा पाणी दाखवलं की मानपानावरून बिनसलेल्या व्याह्यांसारखी ती आधी तापते, मग ताठते आणि नंतर काही केल्या वाकत नाही. घमेल्यात माल कालवला की मिस्त्रीच्या हातात मोजकी मिनिटं. त्यामुळे आमच्याकडे आलेला मिस्त्री चहासुद्धा शिडीवर उभ्यानेच प्यायचा, आणि आम्ही खाली उभे राहून त्याला बिस्किटं पुरवायचो.

पट्ट्या तयारच आल्या होत्या. साच्यात ओतलेल्या, पोटात काथ्या घातलेल्या. सरळ भिंतीवर त्या मुकाट बसल्या. खरी परीक्षा कोपऱ्यात. दोन्ही पट्ट्या 45 अंशांत कापायच्या म्हणजे काटकोनात जुळतात, हे भूमितीला मान्य आहे. आमच्या बिल्डरला नव्हतं. मिस्त्रीने गुण्या लावला आणि डॉक्टरांच्या आवाजात सांगितलं, ‘‘साहेब, एकही कोपरा गुण्यात नाही.’’ चारही कोन मोजले. काटकोन कुठेच नव्हता. बेरीज मात्र चोख 360 भरली, त्यामुळे तक्रारीलाही जागा उरली नाही.

मग लेव्हलची नळी आली. तिच्यातल्या पाण्याने स्लॅबचंही पितळ उघडं पाडलं. पट्टी पाण्याच्या मापाने लावली तर वर फट दिसणार, छताच्या मापाने लावली तर पट्टीच कलणार. ‘‘पाणी खोटं बोलत नाही, पण पाहुणे नळी घेऊन येत नाहीत,’’ असं म्हणून मिस्त्रीने मधला मार्ग काढला आणि उरलेल्या फटी मालाने लिंपून टाकल्या.

गणपतीत आत्या आली. मूर्ती शाडूचीच आहे ना, याची तिने आधी खात्री करून घेतली. पीओपी पाण्यात सहज विरघळत नाही, नद्यांचे हाल होतात, यावर तिने आम्हाला चांगलंच ऐकवलं. तेही पीओपीच्याच छताखाली बसून. मी पंख्याभोवतीच्या फुलाकडे बोट दाखवलं. नक्षीचं काम नजर वर नेण्याचं, आणि तिने ते चोख बजावलं. आत्या बराच वेळ मान वर करून बघत राहिली. कौतुक ऐकायला आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

‘‘काय रे,’’ ती म्हणाली, ‘‘पंखा शेवटचा कधी पुसलात?’’