मध्ययुगीन गृहस्थ

टोलेडोच्या जुन्या ज्यू वस्तीत हे गृहस्थ हमखास भेटतात. डोक्यावर विणलेली गोल टोपी, गळ्यात डेव्हिडचा तारा, काखेत ऊद हे पोटफुगीर तंतुवाद्य.

1492 साली राजाराणीनं ज्यूंना स्पेनमधून हाकललं. ज्यांना राहायचं त्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा. आज इथल्या गल्ल्यांत ज्यू औषधाला मिळणं कठीण, पण ती कसर गृहस्थ एकटेच भरून काढतात. आजी शुक्रवारी घर झाडायची, म्हणजे छुपी ज्यू! दाराच्या चौकटीत खाच दिसली की ती मेझुझाचीच, म्हणजे ज्यू घरांच्या दाराला लावतात त्या पवित्र लेखाच्या डबीची. (तिथे पूर्वी कडीही असू शकेल, हे बोलायचं नाही.) 2015 साली त्या हाकललेल्या, म्हणजे सेफार्दी, ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा झाला. गृहस्थ जन्मानंच स्पॅनिश, तरी वंशावळ त्यांनीही काढून घेतली.

अलिबागकडचे आमचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, एवढंच मी सांगितलं. “तेल? मग टोलेडोचेच!” आमच्या बेने इस्राएलांची नौगावला गलबत फुटल्याची कथा 1492च्या कितीतरी आधीची, पण ऐकतो कोण?

मग एखाद्या सावलीच्या कोपऱ्यात बैठक जमते. “आता मध्ययुगीन गाणी!” वास्तविक मैफली गाजवणाऱ्या कित्येक लादिनो (सेफार्दी ज्यूंची स्पॅनिश बोली) गाण्यांच्या चाली सालोनिका, इझ्मीरकडे फार उशिरा बसलेल्या. ‘आदिओ केरिदा’ ऐकताना तर व्हर्दीचा 1853 सालचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा आठवतो. ही गाणी जपली मुख्यतः बायकांनी, घरकाम करता करता, लग्नात फार तर डफ घेऊन. मग ऊद कशाला, म्हणून विचारलं. “त्याशिवाय जुनं वाटत नाही.”

त्या दिवशी श्रोत्यांत इस्तंबूलच्या एक आजीबाई होत्या. लादिनो त्यांची घरची भाषा. दुसऱ्या कडव्याला त्या सहज गुणगुणू लागल्या, तर गृहस्थांनी ऊद थांबवला.

“सेन्योरा, चाल चुकतेय.”

“आई अशीच म्हणायची.”

“आईंचीही चुकली असेल. मूळ चाल माझ्या सीडीत आहे.”

आजीबाईंनी चष्मा वर करून सीडीवरची किंमत वाचली आणि लादिनोतूनच घासाघीस सुरू केली. इतका वेळ त्या भाषेचं व्याकरण समजावणाऱ्या गृहस्थांना त्यातलं अक्षर कळेना.