पथ्यप्रमुख

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गीय कुटुंबात अलीकडे एक नवे पद निर्माण झाले असून, कुटुंबप्रमुखाच्या बव्हंशी नामधारी उरलेल्या जुन्या पदाला त्यामुळे अनपेक्षित झळाळी आली आहे. या पदाधिकाऱ्यास सोयीसाठी ‘पथ्यप्रमुख’ म्हणता येईल. पथ्य म्हणजे प्रकृतीला मानवणारा आणि म्हणून पाळावयाचा आहारनियम. परंपरेने तो ज्याचा त्याने पाळावयाचा असतो. पथ्यप्रमुखाने या संकल्पनेत घातलेली मौलिक भर एवढीच की, निदान स्वतःचे झाले तरी पथ्य मात्र त्याने सबंध घराला लागू केले.

या पदावरील नेमणूक बहुधा पन्नाशीच्या आसपास आणि प्रयोगशाळेच्या अहवालाद्वारे होते. त्यात ‘एचबीए१सी’ नावाचा एक आकडा असतो. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या अवधीत त्यांतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, याचे शेकडा प्रमाण तो सांगतो, त्यामुळे आदल्या रात्री उपाशी झोपून त्याला फसविता येत नाही. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. पथ्यप्रमुखाचा आकडा ६.१ निघतो, आणि ज्या गृहस्थाला आपल्या घरात गव्हाचे पीठ कोणत्या डब्यात असते हे २५ वर्षांत ठाऊक झालेले नसते, तो त्याच संध्याकाळी घरातील सर्व डबे उघडून पाहतो.

पुढे येतो तो वाचनाचा काळ. पाकिटावरील घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते हे त्याला नव्यानेच कळते आणि ‘बहुधान्य’ म्हणून आणलेल्या बिस्किटांत पहिला मान मैद्याचा आहे हे तो कन्येला चष्म्यावरून रोखून पाहत वाचून दाखवितो. साखरेचा डबा माळ्यावर जातो आणि तिच्या जागी सेंद्रिय गुळाची ढेप येते. गुळातही मुख्यतः साखरच असते ही गोष्ट त्याच्या वाचनात येत नाही असे नाही; ती येते, परंतु चहा झाल्यानंतर येते.

घरात खरा पेच उभा राहतो तो संप्रदायाचा. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावयाचे असते. वारंवार खाण्याने इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचविणारे संप्रेरक, वारंवार स्रवते, हा तिच्यामागील विचार. उलट ऋजुता दिवेकर यांची भूमिका थोडे थोडे वरचेवर खाण्याची, आणि त्यातही घरचे, हंगामी व साजूक तुपासह खाण्याची. महाराष्ट्रात या दोन मतांवरून एके काळी लग्नाच्या पंगतींत जेवढा वाद झाला तेवढा पंगतीतील पदार्थांवरूनही झाला नसेल. पथ्यप्रमुख समन्वयवादी असतो. पहिल्या मतातून तो ‘पोटभर’ हा शब्द उचलतो, दुसऱ्यातून ‘तूप’, आणि ५५ मिनिटांचे घड्याळ लावून जेवावयास बसतो. पन्नासाव्या मिनिटाला त्याची नजर फडताळाकडे वळते आणि चोपन्नाव्या मिनिटाला बेसनाचा दुसरा लाडू तोंडात असतो. मुदत न मोडल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी स्पष्ट दिसते.

तथापि त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण भाकरीचे होय. पोळी बंद आणि भाकरी सुरू, असा ठराव रविवारी सकाळी मांडला जातो, त्यावर सौभाग्यवतींचा “अहो, पण थापणार कोण?” हा एकच प्रश्न नोंदविला जातो आणि उत्तराविना ठराव संमत होतो. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते. म्हणून भाकरीचे पीठ एका भाकरीपुरतेच घेऊन, बेताच्या गरम पाण्यात तळहाताने रगडून मळावे लागते, परातीत थापताना कडा चिरू न देता फिरवावे लागते आणि तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात लावावा लागतो. पथ्यप्रमुख पूर्ण वाचन करून आल्यामुळे हे सारे त्याला पाठ असते. प्रत्यक्षात मात्र सवलतीत मिळते म्हणून त्याने दहा किलो पीठ एकदम आणलेले असते आणि ज्वारीचे दळण जुने झाले की त्याची विरी जाते, विरी म्हणजे पिठाच्या अंगचा चिकटपणा, ही गोष्ट कोणत्याही चित्रफितीत सांगितलेली नसते. पहिली भाकरी परातीतून उचलताना तिचे तीन तुकडे होतात. दुसरी तव्यापर्यंत पोचते आणि तेथे फुटते. तिसरीच्या वेळी मातोश्री देवघरातून उठून येतात, पीठ चिमटीत धरून पाहतात आणि “विरी गेलीय रे याची, उकड काढ,” एवढे बोलून परत जातात.

या मातोश्रींची स्थिती संशोधकाने सहानुभूतीने पाहण्यासारखी आहे. सोलापूरकडच्या ज्या घरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या तेथे रोज भाकरीच असे आणि पोळी पाहुणे आले तर किंवा सणाला. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या परदेशी तांबड्या मिलोच्या भाकरीही त्यांनी चावल्या आहेत. मुलगा नोकरीला लागून शहरात दोन्ही वेळा गव्हाची पोळी ताटात आली, तेव्हा आपले दिवस पालटले असे त्यांना मनोमन वाटले होते. आता तोच मुलगा मंगळवेढ्याची ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, गव्हाहून चढ्या भावाने आणतो आणि नाचणीत कॅल्शियम किती असते हे त्यांनाच समजावून सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, हेही तो सांगतो. त्या ऐकून घेतात. मात्र चतुर्थीला उपास सुटताना आपल्या ताटात पोळीच हवी, एवढा हट्ट त्यांनी सोडलेला नाही.

इतर सभासदांपैकी चिरंजीव महाविद्यालयाच्या उपाहारगृहावर जगतात आणि घरी भूक नसल्याचे सांगून शिस्तप्रिय म्हणून वाखाणले जातात. कन्या सब्जाच चिया म्हणून पाण्यात भिजवून देते. एक तुळशीच्या कुळातले, दुसरे मूळचे मेक्सिकोकडचे, हा भेद पथ्यप्रमुखाच्या ध्यानात येत नाही आणि किमतीतील फरक कन्येच्या पाकिटात जातो. सणवारांचे नियम स्वतंत्र आहेत: उकडीचा मोदक उकडलेला असल्यामुळे, पुरणपोळी डाळीची असल्यामुळे आणि श्रीखंड दह्याचे असल्यामुळे पथ्यात बसते. एकादशीच्या साबुदाणा खिचडीविषयी त्याला विचारले असता तो शेंगदाण्यांतील प्रथिनांकडे लक्ष वेधतो.

तीन महिन्यांनी दुसरा अहवाल येतो आणि आकडा ५.८ असतो. अहवालाचे छायाचित्र नातेवाइकांत फिरते, उद्वाहनात भेटणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला चिया, घड्याळ आणि निर्धार यांचे माहात्म्य ऐकविले जाते, आणि पुढील टप्प्यात बहिणीच्या घरचा आहार सुधारावा असा संकल्प सुटतो. त्या तीन महिन्यांत तेलाच्या किटलीतली मोठी पळी जाऊन तेथे मिसळणाच्या डब्यातला छोटा चमचा आला होता. भात निम्मा होऊन वाटीभर उसळ वाढली होती. लाडूंचा आकार सुपारीएवढा झाला होता. आणि दहा किलो पिठाचे धिरड्यांत विसर्जन होऊन दर चार दिवसांनी दोन किलोचे ताजे दळण गिरणीतून येऊ लागले होते. याविषयी कोणी ठराव मांडला नव्हता, त्यामुळे इतिवृत्तात त्याची नोंद नाही. पथ्यप्रमुख बहिणीला दूरध्वनीवरून भाकरीचे शास्त्र समजावत असतो, तेव्हा आतून परातीवर थापण्याचा आवाज येत असतो, आणि मध्येच बोलणे थांबवून तो जरा मोठ्याने सांगतो, “अगं, जरा हळू थाप, ऐकू येत नाही.”